चोराची भाकर

मी लातुरात बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते. वीस-बावीस वर्षं झाली. आमच्याकडे या कामाला नुसतं शिकवणं म्हणत नाहीत, त्याचा एक पॅटर्न आहे, आणि त्याचा पहिला नियम असा की जे परीक्षेला येत नाही ते डोक्यात शिरू द्यायचं नाही. रोगप्रतिकारशक्तीचा धडा मी सव्वा तासात उरकायची. पांढऱ्या पेशी कोणत्या, प्रतिपिंडं कशी तयार होतात, लस काय करते. त्यात एका जागी यायचं की पेशी एकमेकींना निरोप द्यायला काही रेणू सोडतात. काही निरोप 'चला, लढा' असे असतात आणि काही 'थांबा, गप बसा' असे. "गप बसा म्हणणाऱ्यांवर प्रश्न येत नाही, पान उलटा," असं मी ठणकावून सांगायची. माझा आवाज मोठा आहे आणि रागही. सगळी बॅच एका दमात पान उलटायची.

त्या उलटलेल्या पानावर पुढे माझी आई निघाली.

आई चाकूरच्या पलीकडे, फाट्यापासून आत एका गावात राहते. वडील गेल्यापासून भाऊ आणि वहिनी शेत बघतात, आणि आई त्या दोघांना बघते. गावात तिचं नाव बिब्यासाठी. मराठीत बिब्बा घालणं म्हणजे चांगल्या कामात खोडा घालणं. आमच्या आईच्या हातचा बिबा मात्र लोक मागून घ्यायचे. पायात काटा मोडला, कुरूप झालं, टाच फुटली की माणसं आमच्या ओट्यावर येऊन पाय पुढे करायची. आई दाभणाला बिबा टोचायची, दिव्याच्या ज्योतीवर धरायची, त्यातून काळं तेल सुटलं की नेमक्या जागी एक ठिपका द्यायची. माणूस ओय ओय करायचं. आई म्हणायची, "वरडू नको, तुह्या भल्यासाठीच हाय." चार-आठ दिवसांनी कुरूप गळून पडायचं आणि बिब्याचा काळा डाग महिनाभर राहायचा. तो डाग दिसला की गावातली माणसं म्हणायची, आक्कानं बिबा घातलेला दिसतोय.

म्हणून एका दिवाळीला मी तिच्या पायांना तेल लावत असताना डाव्या टाचेखाली तुरीच्या दाण्याएवढा काळा डाग दिसला, तेव्हा मी विचारलं, "बिबा का?" ती म्हणाली, "हाव. काटा मोडला होता." मी दुसरा पाय घेतला.

पुढच्या दिवाळीला डाग रुपयाएवढा झाला होता. कडा वेड्यावाकड्या, एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला निळसर. मी म्हणाले, "अजून गेला नाही?" ती म्हणाली, "मुळी खोल हाय त्याची. चारदा घातला बिबा. जाईल." मी, जिने शेकडो पोरांना त्वचेचे थर तोंडपाठ करून दिले, जिला रंगद्रव्याच्या पेशी कुठल्या थरात असतात हे झोपेत विचारलं तरी सांगता येईल, तिने मान डोलावली आणि अनारसा खाल्ला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही खोटं नाही. मला त्या अनारशाची अजून चीड येते.

जानेवारीत वहिनीचा फोन आला की आईच्या चपलेत रक्त लागतंय आणि ती कुणालाही पाय बघू देत नाही. मी गेले, ओट्यावर बसून तिचा पाय मांडीवर ओढला आणि मोबाइलचा दिवा लावला. बिबा कधीच असा दिसत नाही, हे मला त्या एका क्षणात कळलं. ते आधीही कळण्यासारखं होतंच.

नांदेडला मी तिला नेलं ते तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी कर्करोगाची डॉक्टर आहे म्हणून. बारावीला असताना ही पोरगी पहिल्या बाकावर बसायची आणि फार प्रश्न विचारायची. मला तिचा वैताग यायचा. आता तिच्या टेबलासमोर मी बसले होते आणि प्रश्न माझे होते. तपासणीचा कागद तिने माझ्याकडे सरकवला. मेलॅनोमा. रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग. आपल्या लोकांत तो बहुधा तळपायाला, टाचेला, नखाखाली होतो, आणि आपल्याकडे तळपाय कोण बघतो, असं ती म्हणाली. तिने मला उद्देशून म्हटलं नव्हतं, पण मला लागलं.

टाचेचा तुकडा काढला, मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. आई महिनाभरात लंगडत का होईना शेतात गेली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसली बाई. सात-आठ महिने बरे गेले आणि मग तपासणीत जांघेत पुन्हा एक गाठ आली आणि फुप्फुसात दोन ठिपके.

त्या दिवशी आई बाहेर बाकावर वहिनीसोबत बसली होती. आत मी डॉक्टरला विचारलं, "तिच्या अंगात काही कमी आहे का? प्रतिकारशक्ती?"

"नाही मॅडम. उलट गाठीच्या आत पांढऱ्या पेशी भरपूर आहेत. पोचल्यात तिथे. पण लढत नाहीत."

"का?"

ती हसली नाही. म्हणाली, "गाठच त्यांना गप बसवते. काही रेणू ती बाहेर सोडते, काही अंगावर मिरवते. पांढरी पेशी जवळ आली की तिला निरोप मिळतो, थांब, इथे आपलंच माणूस आहे. मॅडम, तुम्ही म्हणाला होतात, थांबा म्हणणाऱ्यांवर प्रश्न येत नाही. मी तेव्हा विचारलं होतं तुम्हाला, थांबवायचं कशासाठी असतं म्हणून."

"मी काय म्हणाले?"

"पान उलट म्हणालात."

मी त्या संध्याकाळी लातूरला परत येऊन वाचायला बसले, आणि पुढचे कित्येक दिवस वाचत राहिले. परीक्षेला बसणाऱ्या पोरीसारखी. थांबवणारे रेणू काही दुष्ट नसतात हे मला तेव्हा नीट कळलं. जखम झाली की अंग लढतं, लालभडक होतं, सुजतं. पण ती लढाई कुणीतरी थांबवली नाही तर जखम कधी भरणारच नाही. एक रेणू तर असा आहे की तोच जखम भरून आणतो आणि तोच सैन्याला माघारी बोलावतो. आईच्या बिब्याचा चटका बरा होत होता तो असल्याच निरोपांमुळे. कर्करोगाची पेशी वेगळी भाषा बोलत नाही. ती घरचीच आहे, आणि घरचेच शब्द वापरून पहारेकऱ्यांना झोपवते. मला या पेशीचा एवढा संताप आला की मी वही भिंतीवर फेकली. मग उठून उचलून आणली, कारण उद्या आईला सांगायचं होतं.

आईला मी खोटं सांगणार नव्हते. ती उपचारांच्या कागदावर सही करणार तर कळून करणार, असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी म्हणाले, "आई, अंगात आपली राखण करणाऱ्या पेशी असतात. तुझ्या पण आहेत, धडधाकट. पण गाठ त्यांना गप करते."

"कशी काय गप करती?"

मी निरोपाचं सांगितलं. तिला ते पटेना. हातातली शेंग फोडली आणि म्हणाली, "म्हंजी कुत्र्याला भाकर टाकल्यावानी."

"म्हणजे?"

"वळखीचा चोर आसला की तो आधी चार दिस कुत्र्याला भाकर टाकतो. मग कुत्रं त्येला बघून शेपूट हलवतं. भुंकत न्हाई. कुत्रं वाईट आसतंय का? न्हाई. त्येला वाटतंय ह्यो आपलाच."

एवढं वाचून मला जे चार वाक्यांत मांडता आलं नव्हतं ते तिने शेंगा फोडता फोडता मांडलं होतं.

"मग काय करायचं?" मी विचारलं. शिक्षकाची खोड, उत्तर समोरच्याकडून काढायचं.

"कुत्र्याला मारून काय उपेग? भाकर काढून घ्यायची."

"हेच औषध आहे ते, आई. सलाईनमधून देतात. ते गाठीला मारत नाही. नुसती भाकर पोचू देत नाही."

"मंग द्या की. वाट कशाची बघायला?"

औषध कसं मिळवलं ती कथा वेगळी आहे आणि ती मी इथे सांगणार नाही. लागू पडेलच असं डॉक्टरने कबूल केलं नव्हतं. टाचेच्या मेलॅनोमाला ते कमी लागू पडतं हेही तिने स्पष्ट सांगितलं. शिवाय, आईची कुत्र्या-भाकरीची उपमा मी तिला सांगितली होती, त्याच भाषेत तिने दोन गोष्टी बजावल्या. एक, भाकर बंद झाली की कुत्रं कधी कधी घरच्यांनाही चावतं. जुलाब लागले, धाप लागली, कावीळ वाटली तर त्याच दिवशी फोन. दोन, तसं झालं तर स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते सगळ्या सैन्यालाच शांत करतं. आईला मी दुसरं सांगताना म्हणाले, "ते म्हणजे कुत्र्याला मुसकं बांधणं." मला माझ्या शब्दाचा अभिमान वाटला. आईच्याच उपमेला मी माझी जोड दिली होती.

दर तीन आठवड्यांनी आम्ही नांदेडला जायचो. मी लातूरला एसटीत बसायची, आई फाट्यावर चढायची, हातात धपाट्यांचा डबा. अहमदपूर, लोहा, नांदेड. सलाईन लावल्यावर ती नर्सला म्हणायची, "भाकर काढायला आलेव." नर्सला काही कळायचं नाही. पहिल्या सलाईननंतर अंगाला थोडी खाज आली, दुसऱ्यानंतर काही नाही. तिसऱ्यानंतर जांघेतली गाठ हाताला मऊ लागते असं तिने मला फोनवर सांगितलं, आणि मी वर्गात त्या दिवशी कुणालाही रागावले नाही. पोरं घाबरली.

चौथ्या वेळी आई फाट्यावर चढली तेव्हा ब्लाउज तिच्या अंगावर लोंबत होता. डोळे खोल. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "कुठं काय? ऊन लई हाय." अहमदपूरला गाडी थांबली तशी ती उतरून धावत गेली. परत आली तेव्हा तिच्या लुगड्याच्या काठाला रक्त होतं. ती ताठ बसली, समोर बघत.

"किती दिवस?"

तिने लुगड्याचा काठ आत दुमडला.

"आई, किती दिवस?"

"धा-बारा झाले आसतील. धाच. डाळिंबाचं साल उगाळून घेतलं, ताक-भात खाल्ला. तुह्या वहिनीला म्हनलं, सांगशील तर बघ."

मी भर गाडीत ओरडले. "तुला सांगितलं होतं ना त्याच दिवशी फोन कर म्हणून? सांगितलं होतं की नाही?" पुढच्या सीटवरचे दोघे वळून बघायला लागले. आईचाही आवाज चढला.

"सांगितलं होतंस. आनि हेबी तूच सांगितलंस की मग मुसकं बांधत्यात. गाठ मऊ पडायली हाय, कुत्रं भुंकायला लागलंय, आन तवा मी मुसकं बांधून घेऊ? मला काय याड लागलंय?"

ती अडाणीपणाने वागली नव्हती. मी शिकवलेलं तिला फार चांगलं कळलं होतं आणि तिने त्यावर ठाम निर्णय घेतला होता. परीक्षेत असा पेपर आला असता तर मी तिला पैकीच्या पैकी दिले असते. आणि त्या निर्णयाने ती मरत होती.

नांदेडला पोचल्या पोचल्या तिला भरती केलं. आतड्याला आतून सूज होती, तिच्याच पांढऱ्या पेशींनी केलेली. आणखी दोन-तीन दिवस उशीर झाला असता तर आतडं फुटलं असतं, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाली. आई स्टेरॉइडला नाही म्हणत होती. हात मागे घेऊन बसली. "मुसकं न्हाई," एवढंच. मागोमाग आलेली वहिनी रडायला लागली, मी रागावले, काही उपयोग नाही. मग डॉक्टर पलंगाच्या कडेला बसली.

"मावशी, कुत्रं चोराला चावतंय तोवर ठीक. आता ते तुम्हालाच चावतंय. तुम्हीच नाही राहिलात तर ते राखण कुणाची करणार?"

"आन मुसकं बांधल्यावर चोर बसंल पुन्हा."

"बसू शकतो. मी खोटं बोलणार नाही. पण ज्या कुत्र्याने एकदा चोराला चोर म्हणून ओळखलं ते वास सहसा विसरत नाही. मुसकं सोडल्यावरही ओळखतं. आमच्या मॅडमने तुम्हाला हे सांगितलं नाही का?"

सांगितलं नव्हतं. अंगाला आठवण असते, ही त्या धड्यातली एकच गोष्ट अशी की जी दरवर्षी परीक्षेला येते, आणि तीच मी आईला सांगायची विसरले होते. आईने माझ्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला.

पंधरा दिवस आम्ही तिथे काढले. रक्त थांबलं, मग जुलाब थांबले. घरी जाताना गोळ्या होत्या, हळूहळू कमी करायच्या. सलाईनचं औषध बंद. डॉक्टर म्हणाली, एवढं झाल्यावर लगेच पुन्हा देता येणार नाही. फाट्यावर उतरायच्या आधी मी आईला म्हणाले, "आता माझं ऐक. मला अर्धंच शिकवता येतं, ते दिसलं आपल्याला. म्हणून यापुढे विचार आपण दोघींनी करायचा. पण त्यासाठी तू मला सगळं सांगायचं. चांगलं, वाईट, घाण, सगळं. रोज."

"संडासचंबी?"

"संडासचं आधी."

ती हसली. पण शब्द पाळला. माझी पहिली बॅच सकाळी सातला असते. पावणेसातला फोन वाजायचा आणि मी पायऱ्या चढत असताना पलीकडून बातमीपत्र सुरू व्हायचं. "आज येकदा झाली. घट्ट होती. रातीला घाम न्हाई आला. टाच ठसठसती, पन ती कातडी लावल्याची. भाकर दीड खाल्ली. खरं सांगायले." शेवटचं 'खरं सांगायले' ती शपथेवर बोलल्यासारखं म्हणायची. मी पायऱ्यांवर उभी राहून ऐकायची आणि वर्गातली पोरं खिडकीतून बघायची की मॅडम कुणाशी एवढ्या गोडीने बोलतात.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. फुप्फुसातला एक ठिपका गेला होता, दुसरा बारीक झाला होता. जांघेतली गाठ होती तेवढीच, वाढली नव्हती. डॉक्टरने फोटो उजेडाकडे धरून मला दाखवला. आई मध्येच म्हणाली, "वास विसरलं न्हाई म्हना की."

गावात तिने बिबा बंद केलेला नाही. मी सांगून पाहिलं, ती ऐकणारी नाही. पण आता माणूस आलं की आधी पाय धुवायला लावते, मग उजेडात धरून मोबाइलचा दिवा मारते. "आधी दाखव," म्हणते. डाग काळा असेल आणि काटा दिसत नसेल तर दाभण हातात घेत नाही. चाकूरच्या दवाखान्यात पाठवते, आणि गेला की नाही हे दुसऱ्या दिवशी घरी जाऊन विचारते. एक-दोघांनी तोंड वाकडं केलं. तिने त्यांना स्वतःची टाच दाखवली.

मीही माझा धडा बदलला. आता तो दोन तास चालतो. थांबवणाऱ्या रेणूंची नावं मी फळ्यावर लिहिते, जखम कशी भरते ते सांगते आणि चोर घरचेच शब्द कसे वापरतो तेही. या वर्षी मागच्या बाकावरून एका पोरीने विचारलं, "मॅडम, हे नीटला येतं का?"

"येत नाही," मी म्हणाले. "लिहून घे."

तिने लिहून घेतलं. सगळ्यांनीच घेतलं, धास्तीने का होईना.

गेल्या सोमवारी पावणेसातला फोन वाजला. मी जिन्यात होते.

"ऐक," आई म्हणाली. "संडास येकदा, बरी. भाकर दोन. आन डाव्या जांघंत, जुन्या गाठीच्या वर, येक नवी लागली हाताला. हरभऱ्याएवढी. काल न्हाताना लागली. आज पुन्हा बघितली, हाय. म्हनून सांगायले."

वर्गात पोरं होती, वर फळा पुसलेला होता. ती नवी गाठ काय आहे ते मला माहीत नव्हतं आणि कळल्यासारखंही वाटत होतं. तीच पुढे म्हणाली, "डॉक्टरीणबाईला म्या आधीच लावला फोन. ती म्हनली या. तू आठची नांदेड गाडी धर. मी फाट्यावर उभी ऱ्हाते."

मी वर्गाच्या दारात जाऊन सांगितलं की आज मॅडम नाहीत, आणि बसस्टँडवर गेले.

चाकूर मागे पडलं आणि फाटा आला. ती उभी होती, पायात दोन्ही चपला, खांद्याला पिशवी, हातात डबा. गाडी नीट थांबायच्या आधीच तिने दांडी धरली. कंडक्टरने हात दिला तो तिने घेतला नाही. माझ्या शेजारी खिडकीकडे बसली, डबा मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"तू रडलीस का?"

"हो."

"बरं केलंस. आता आयक. त्या चोराकडं येकच भाकर न्हवती, डॉक्टरीणबाई म्हनली होती मागं. लई परकारच्या आसत्यात."

"हो. एक अडवली की दुसरी टाकतो कधी कधी."

"मंग दुसरी टाकली आसंल त्यानं." ती डब्याचं झाकण उघडून बघायला लागली, धपाटे गरम आहेत का ते. "चल. तीबी हुडकून काढू."

मी तिच्या हातातला डबा घेतला, आणि आम्ही अहमदपूर यायच्या आधी दोन-दोन धपाटे खाल्ले.